सहा वाजून दहा

जुना ग्राइंडर चौदा वर्षं वापरला.
डब्यात खडे भरून
कुणीतरी तो लाथाडत जिना उतरावा,
असा त्याचा आवाज.
दळणही तसंच, निम्मं पीठ, निम्मी कणी.

मशीन काही त्याहून गुणी नव्हतं.
वाफेच्या नळीची गळती मी फडक्यानं बांधलेली.
दाबाचा काटा नऊपर्यंत चढायचा
आणि तिथं पोचल्यावर त्याचं मन बदलायचं.

एकतीस वर्षं त्रिएस्तेच्या बंदरात
कॉफीची पोती हलवली, साठ-साठ किलोंची.
कुठलं पोतं जहाजात भिजलंय
ते नुसत्या नाकानं सांगायचो.
आणि घरी येऊन प्यायचो काय,
तर जळक्या दोरखंडाचा काढा.

म्हणून होडीचं इंजिन विकलं.
होडी ठेवली. वल्ही आहेत की.

भाचा तुल्लियो म्हणाला, नेरेओमामा, आधी ग्राइंडर घे.
पीठच भरड असेल तर चूल काय करील?
मी दोन्ही घेतलं.
चार मजले, लिफ्ट नाही,
आणि बाहेर आमचा बोरा सुटलेला,
उभ्या स्कूटरी आडव्या करणारा वारा.
खोकं दोघांनी पाळण्यासारखं वर आणलं.

मग सुरू झाली परीक्षा.
अठरा ग्रॅम आत, छत्तीस बाहेर, सत्तावीस सेकंद.
पहिला कप अकरा सेकंदांत धो धो वाहिला, लिंबू.
चकती दोन खुणा बारीक केली,
तर थेंब पडेना, मशीन कण्हायला लागलं.
अर्धी खूण मागे. सुईनं भुगा मोकळा केला.
दाबताना मनगट सरळ ठेव, म्हणाला तुल्लियो.
आयुष्यभर पोती उचललेल्या माणसाला
मनगट शिकवतो!
सरळ ठेवलं.
सातवा कप मात्र मधासारखा उतरला.
मी खिडकीकडे तोंड करून प्यायलो.

नवा ग्राइंडर बोलतच नाही जवळजवळ.
मांजरानं कूस बदलावी, एवढंच.

तिसऱ्या दिवशी साडेसहाला दार वाजलं.
खालच्या मजल्यावरची नीवेस, वय शहाऐंशी,
रात्रीच्या झग्यावर ओव्हरकोट,
एका हातात माझ्या घराची जादा किल्ली,
दुसऱ्या हातात फोन, अँब्युलन्सचा नंबर लावून तयार.

"जिवंत आहेस?"
"आहे."
"मग दळत का नाहीस?"

या बाईनं माझ्या ग्राइंडरविरुद्ध
इमारतीच्या कमिटीकडे तीन पत्रं दिली होती.
मला तोंडपाठ आहेत.

तिला खुर्ची दिली, कप दिला.
तिनं तीन चमचे साखर घातली,
एक घोट घेतला, म्हणाली, आंबट आहे,
आणि डॉक्टरनं मनाई केलीय, असं सांगून
उरलेला संपवला.
तिच्या घरी आता भाजलेले सातूच असतात.
दुकानातून दळून आणते,
त्याला चव नाही, म्हणाली, कागदाची आहे.

दुपारी जुना ग्राइंडर उघडला.
पात्यांत चौदा वर्षांचं तेल,
काळं, चिकट, वास बंदराचा.
टूथब्रश लागला, दोन सुया, एक शिवी.
खाली नेऊन तिच्या ओट्यावर ठेवला
आणि बटण दाखवलं.
तिच्या कपाटातल्या बशा खणखणल्या.
ती हसली की दचकली,
त्या आवाजात कळलं नाही.

आता सहा वाजून दहा मिनिटांनी
माझी फरशी थरथरते.
मशीन तापून वीस मिनिटं झालेली असतात,
हँडल हातात, भुगा दाबलेला,
तरी मी बटणावर बोट ठेवून थांबतो.

रविवारी आवाज आला सहा-चौदाला.
मधली चार मिनिटं
मी तिची किल्ली शोधत होतो,
खणात, कोटात, फ्रिजवर.

भुगा तोवर थंड पडलेला.
शॉट चाळीस सेकंद रेंगाळला, कडू.
प्यायलो.